काळ्या पाषाणातले कढत पाणी

देऊळगाव राजाला कोणी गरम पाण्याच्या कुंडासाठी जात नाही. जातात ते बालाजीच्या दर्शनाला, आणि जमलेच तर सिंदखेड राजाला जिजाऊंच्या जन्मस्थानी किंवा मेहुणा राजाला चोखोबांच्या गावी. गरम पाण्याचा झरा पाहायचा तर विदर्भातल्या माणसाला मोर्शीजवळचे सालबर्डी गाठावे लागते आणि मराठवाड्यातल्याला किनवटजवळचे उनकेश्वर. तरीही या तालुक्यात कुठे विहिरीचे काम चालू असेल, तर यारीने वर ओतलेल्या दगडांच्या ढिगापाशी थोडे थांबावे. कढत पाण्याने केलेले काम तिथे हातात घेऊन पाहता येते. काळ्या दगडात पांढरे, दुधी, हिरवट, क्वचित फिक्या गुलाबी रंगाचे ठिपके असतात. एखादा दगड फोडला की आत पोकळी निघते आणि पोकळीच्या भिंतींवर चकाकणारे स्फटिक. गावात त्यांना गारा किंवा गारगोट्या म्हणतात. पोरे दोन दिवस खेळतात, मग ढीग ट्रॉलीत भरून रस्त्याच्या भरावाला जातो.

या गारा लाव्हाबरोबर आल्या असा बहुतेकांचा समज असतो, आणि तो चुकीचा आहे. लाव्हाने दिली ती फक्त रिकामी जागा. आतला ऐवज नंतर पाण्याने आणून भरला. आणि ते पाणी आपल्या माठातल्या पाण्यासारखे वागणारे नव्हते.

दख्खनचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिला. आजही त्याने पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास मुलूख व्यापला आहे. तो एकदाच वाहून थांबला नाही, थरावर थर येत गेले. विहीर खोदणाऱ्यांना ही रचना भूगर्भशास्त्राच्या पदवीवाचून पाठ असते. वर काळी माती, खाली मुरूम, मग कंप्रेसरची पहार बोथट करणारा काळा पाषाण, त्याखाली ठिपक्याठिपक्यांचा, तुलनेने मऊ मांजऱ्या, कुठे दोन थरांमध्ये गेरूसारखी लाल पट्टी, आणि पुन्हा काळा पाषाण. मांजऱ्या म्हणजे एकेका लाव्हाथराचा वरचा, बुडबुड्यांचा भाग. अकराशे-बाराशे अंश सेल्सिअसच्या लाव्हातून वायू वर निघाले, पण माथा लवकर गोठल्याने बाहेर पडू शकले नाहीत. त्यांची बिळे तशीच राहिली, काही मोहरीएवढी तर काही माणूस आत बसेल एवढी. पाण्याला शिरायला आणि मुक्काम करायला ही तयार घरे मिळाली. वरून नवे थर पडत गेले तसे खालचे थर खोल गाडले गेले, पावसाचे पाणी भेगांतून झिरपत राहिले आणि खाली जाऊन तापले.

इथे पाण्याचा स्वभाव बदलतो, आणि तो नेमका कसा बदलतो यातच या विषयाची सगळी गंमत आहे.

स्वयंपाकघरातल्या कुकरपासून सुरुवात करू. शिट्टीच्या वजनामुळे आतला दाब बाहेरच्या दुप्पट होतो आणि पाणी १०० ऐवजी १२० अंशांना उकळते. वीस अंशांच्या या फरकाने तूरडाळ अर्ध्या वेळात गळते, हे घरोघरी ठाऊक आहे. दाब दहापट केला तर पाणी १८० अंशांपर्यंत द्रवच राहते. चाळीसपट केला तर २५० अंशांपर्यंत, ८६ पट केला तर ३०० अंशांपर्यंत. जमिनीखाली एवढा दाब मिळवायला फार खोल जावे लागत नाही. दर दहा मीटर पाण्याचे वजन साधारण एक बार, म्हणजे एका वातावरणाएवढा, दाब देते. म्हणून शंभर मीटर खोल पाण्याने भरलेल्या भेगेच्या तळाशी १८० अंशांचे पाणीही उकळत नाही. विहिरीच्या मापाने बोलायचे तर तीनशे-सव्वातीनशे फूट. या भागात बोअर त्याहून खोल जातात. त्यांतले पाणी थंडच लागते, कारण आज तेवढ्या खोलीवर उष्णता नाही. दाब मात्र आहे.

वाढत्या दाबाबरोबर उकळबिंदू चढत जातो, पण त्यालाही शेवट आहे. ३७४ अंश आणि सुमारे २२१ बार यांपाशी द्रव आणि वाफ हा भेदच उरत नाही. याला क्रांतिक बिंदू म्हणतात. त्याच्या पलीकडचे पाणी दाट वायू म्हणावे की पातळ द्रव, याचे उत्तर शास्त्रज्ञ देत नाहीत, कारण प्रश्नालाच अर्थ राहत नाही. नेमक्या त्या बिंदूवर पाण्याची घनता नेहमीच्या एक तृतीयांशाहून कमी असते.

पण क्रांतिक बिंदूच्या कितीतरी अलीकडेच पाणी आपल्या ओळखीचे राहत नाही. पाण्याचा रेणू एका बाजूला किंचित धन आणि दुसऱ्या बाजूला किंचित ऋण असतो. त्यामुळे रेणू एकमेकांना धरून राहतात. मीठ टाकले तर सोडियम आणि क्लोरीनचे आयन वेगळे करून त्यांच्याभोवती कडे करतात. ही आयन वेगळे ठेवण्याची ताकद मोजायचे माप म्हणजे डायइलेक्ट्रिक स्थिरांक. २५ अंशांना तो ७८ असतो, २०० अंशांना ३५, ३०० अंशांना २०, आणि क्रांतिक बिंदूपाशी सहाच्या आसपास. वीस हा आकडा नेहमीच्या तापमानाच्या अॅसिटोनचा आहे. म्हणजे ३०० अंशांचे पाणी विरघळवण्याच्या स्वभावाने अॅसिटोनच्या जवळ जाते. त्यात आयन सुटे राहायला कचरतात, जोड्या करून हिंडतात. थंड पाण्यात सहज सुटणारे क्षार त्यात अडखळतात आणि थंड पाण्याला न जुमानणारे तेलकट पदार्थ व वायू मजेत मिसळतात. शिवाय ते पातळ होते. ३०० अंशांच्या पाण्याचा चिकटपणा साध्या पाण्याच्या दहाव्या हिश्शावर येतो, आणि केसाएवढ्या भेगेतूनही ते वाट काढते.

आणखी एक फरक. शुद्ध पाण्याचा पीएच ७, हे आपण शाळेत घोकतो. ते २५ अंशांपुरते खरे आहे. तापलेल्या पाण्यात रेणू अधिक प्रमाणात तुटतात आणि २५० अंशांना उदासीन पाण्याचा पीएच ५.६ च्या आसपास येतो. पाणी आम्लधर्मी झाले असा याचा अर्थ नाही. हायड्रोजन आयन आणि हायड्रॉक्साइड आयन दोन्ही सारखेच वाढलेले असतात, प्रत्येकी पंचवीसपट. दगड खायला आलेल्याच्या दोन्ही हातांत हत्यार आले, एवढाच त्याचा अर्थ.

आता दगडाकडे. गारेचा एक मोठा घटक सिलिका. क्वार्ट्झच्या रूपातली सिलिका २५ अंशांच्या एक किलो पाण्यात जेमतेम सहा मिलिग्रॅम विरघळते. १०० अंशांना पन्नासच्या आसपास, २०० अंशांना २६५ आणि २५० अंशांना ४८५ मिलिग्रॅमपर्यंत. म्हणजे तळाशी २५० अंशांचे पाणी वर येऊन थंड झाले की किलोमागे चारशे मिलिग्रॅमहून जास्त सिलिका त्याला कुठेतरी टाकावीच लागते. अशा फेऱ्या हजारो वर्षे चालल्या की भेग बुजते, पोकळी भरते.

चुनखडीचे, म्हणजे कॅल्साइटचे, गणित याच्या उलट आहे. ते थंड पाण्यात जास्त आणि गरम पाण्यात कमी विरघळते. ज्यांच्या घरी बोअरच्या पाण्यावर बंब किंवा गिझर चालतो त्यांनी हे पाहिले आहे. क्षार धरतात ते तापणाऱ्या भागावर, थंड पाण्याच्या माठात तेवढे नाही. जमिनीखालीही तसेच. वर येणाऱ्या पाण्याचा दाब एकदम कमी झाला, ते उकळू लागले आणि त्यातला कार्बन डायऑक्साइड निसटला, की कॅल्साइट तिथल्या तिथे बसते. म्हणून कुठल्या भेगेत क्वार्ट्झ आहे आणि कुठल्या भेगेत कॅल्साइट, यावरून पाणी तिथे निवत होते, तापत होते की उकळत होते, याचा माग काढता येतो.

सिलिकेचा हा हिशेब कोकणातल्या झऱ्यांना लावतात. संगमेश्वर तालुक्यातले तुरळ आणि राजवाडी, दापोलीकडचे उन्हवरे ही ठिकाणे आंघोळीसाठी प्रसिद्ध आहेत. पाणी वर येताना झटकन निवते, पण विरघळलेली सिलिका तेवढ्या घाईने बाहेर पडत नाही. म्हणून बाटलीभर पाण्यातली सिलिका मोजली की ते खाली किती तापले होते, याचा अंदाज येतो. उन्हवऱ्याचे पाणी कुंडात ७० अंशांच्या आसपास असते. हिशेब मात्र सांगतो की जमिनीखाली ते शंभरी ओलांडून आलेले आहे. ड्रिल न लावता खोलवरचे तापमान सांगणारी ही रीत मला या शास्त्रातली सर्वांत देखणी वाटते.

विहिरीच्या ढिगातला मुठीएवढा, पोकळी असलेला एक दगड घ्या. तो धुऊन उन्हात धरा आणि काठापासून आत पाहत चला. काळ्या दगडाला लागून बहुधा हिरवट, साबणासारखा बुळबुळीत पापुद्रा दिसतो. हे सेलॅडोनाइट किंवा त्याच्या जातीची चिकणमाती, सर्वांत आधी जमलेली. पाण्याने प्रथम लाव्हातली काच आणि लोहयुक्त खनिजे फोडली, त्यातले लोह व मॅग्नेशियम फार लांब न जाता इथेच बसले. त्याच्या आत बरेचदा निळसर-करडी कॅल्सेडनीची पट्टी असते. चकमकीवर ठिणगी पाडायला जुन्या काळी हीच गार वापरत. तिच्यावर झिओलाइट गटातली खनिजे येतात. शवपेटीसारख्या आकाराचे ह्यूलँडाइट, पेंढी मधोमध आवळून दोन्ही टोकांना फुलवल्यासारखे स्टिल्बाइट, सुयांचे झुबके असतील तर स्कोलेसाइट किंवा मेसोलाइट. त्यानंतर काही ठिकाणी अपोफिलाइट, काचेसारखे स्वच्छ, चौकोनी खांबांचे, काही जागी व्हॅनेडियममुळे हिरवे झालेले. सर्वांत वर एखादा कॅल्साइटचा खडा. ओळखायला सोपे आहे. कॅल्साइटवर चाकूने ओरखडा काढून लिंबू पिळले की बारीक बुडबुडे येतात, क्वार्ट्झ काचेवर चरा पाडतो, स्टिल्बाइट पाडत नाही आणि त्याच्या सपाट पृष्ठाला मोत्याची झाक असते.

हा क्रम म्हणजे पाण्याची बदलत गेलेली रासायनिक घडण आहे. बेसाल्टची काच विरघळत गेली तसे पाणी अल्कधर्मी झाले, त्यात सिलिका, अॅल्युमिनियम, कॅल्शियम आणि सोडियम वाढले, आणि या चौघांची संगत जमली की झिओलाइट बनते. त्याच्या सांगाड्यात रेणूच्या मापाची दालने असतात व त्यांत पाणी बसलेले असते. स्टिल्बाइटच्या वजनाचा साधारण सहावा हिस्सा पाणीच. खडा तापवला की ते निघून जाते आणि सांगाडा पुष्कळदा टिकून राहतो. म्हणजे ज्या पाण्याने हा दगड घडवला त्यातलेच थोडे आत राहून गेले, असे म्हणायला हरकत नाही. मात्र झिओलाइट बाहेरच्या पाण्याशीही देवाणघेवाण करते, त्यामुळे आजचा थेंब मूळचाच असेल अशी खात्री धरू नये.

तापमानाचे काय? या बाबतीत आइसलँडचे बेसाल्ट आपल्या कामी येतात. १९६० साली जॉर्ज वॉकर या ब्रिटिश भूवैज्ञानिकाने पूर्व आइसलँडच्या डोंगरांत झिओलाइटांचे थर नकाशावर मांडले. वरच्या भागात चॅबाझाइट, खाली मेसोलाइट आणि स्कोलेसाइट, आणखी खाली लॉमोन्टाइट. हे पट्टे लाव्हाच्या थरांना छेदून जातात. म्हणजे ते लाव्हाच्या नव्हे, खोलीच्या आणि तापमानाच्या हिशेबाने पडलेले आहेत. पुढे तिथल्या भूऔष्णिक विहिरींत प्रत्यक्ष तापमान मोजल्यावर चॅबाझाइट ३० ते ७० अंशांत, स्कोलेसाइट ७० ते ९० मध्ये, स्टिल्बाइट ९० ते ११० मध्ये आणि लॉमोन्टाइट त्याच्या वर सापडले. आपल्याकडे हे आकडे जसेच्या तसे चिकटवणे बरोबर नाही, कारण पाण्याची घडणही खनिज ठरवते. तरी ढोबळ अंदाज येतो: देऊळगाव राजा-जालना पट्ट्यातल्या बहुतेक गारा शंभरीच्या अलीकडेपलीकडे घडल्या असाव्यात, चारशे अंशांना नव्हे. आणि हे काम एका हप्त्यात झाले नाही. दख्खनमधल्या काही अपोफिलाइटांचे वय लाव्हापेक्षा कोट्यवधी वर्षांनी कमी भरते.

जालना, अजिंठा, नाशिक, पुणे या परिसरातल्या खदानींतून निघालेली ही खनिजे जगभरातल्या संग्रहालयांत आहेत. १८५० च्या दशकात आणि पुढे बोरघाटात रेल्वेसाठी डोंगर फोडला तेव्हा विलायतेला पहिले मोठे नमुने गेले. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खदानींत १९८० च्या दशकाच्या अखेरीस मोरपंखी निळ्या कॅव्हान्साइटचे झुबके सापडले. मूळ शोध अमेरिकेतल्या ओरेगनमधला, पण जगातले सर्वोत्तम नमुने वाघोलीचेच. आपल्याकडे सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात हे सगळे पाहता येते. ज्या दगडाला अमेरिकेतल्या टूसॉनच्या खनिज बाजारात डॉलर मोजतात तो आपण खडी करून रस्त्यात घालतो, हे वाक्य फार वेळा ऐकू येते. ते थोडे अतिशयोक्त आहे. शंभर ढिगांतल्या नव्व्याण्णवांत विकण्याजोगे काही नसते. पण वाचण्याजोगे असते, आणि ते कोणी वाचत नाही, ही माझी खरी तक्रार.

देऊळगाव राजापासून सरळ रेषेत पूर्वेला सुमारे ५० किलोमीटरवर याच गोष्टीचा दुसरा, फार वेगळा अध्याय आहे. लोणार.

लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, कडेपासून दीडशे मीटरच्या आसपास खोल. बेसाल्टवर उल्का आदळून ते झाले हे आज सर्वमान्य आहे, पण १९७० पर्यंत ते ज्वालामुखीचे असावे असेही म्हटले जाई. १९७२ साली व्ही. के. नायक यांनी आघाताने बनलेल्या काचेकडे लक्ष वेधले आणि १९७३ साली कर्ट फ्रेड्रिक्सन व सहकाऱ्यांनी तळात घेतलेल्या ड्रिलच्या नमुन्यांवरून आघाताचा पुरावा मांडला. त्यात मॅस्केलिनाइट होते, म्हणजे आघाताच्या लाटेने न वितळता काच झालेले फेल्डस्पार. वयाबद्दल एकवाक्यता नाही. एका पद्धतीने सुमारे ५० हजार वर्षे येते, दुसरीने पाच लाख सत्तर हजार.

आघातानंतर काय झाले असेल? काही खडक वितळला, बाकीचा चिरफाळला, तळाशी तापलेल्या तुकड्यांचा जाड ढीग बसला. बेसाल्टमध्ये भूजल होतेच. ते या गरम ढिगात शिरले आणि अभिसरण सुरू झाले. न्यू मेक्सिको विद्यापीठातले जस्टिन हॅगर्टी आणि हॉर्टन न्यूसम यांनी २००३ साली ड्रिलमधल्या नमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना सॅपोनाइट, सेलॅडोनाइट अशी चिकणखनिजे मिळाली आणि त्यांच्या हिशेबाने ती १३० ते २०० अंशांच्या पाण्यात बनली होती. मघाचे गणित इथे लावून पाहा. २०० अंशांना पाणी द्रव ठेवायला साडेपंधरा बार दाब हवा, म्हणजे वर दीडशे मीटरभर पाण्याचा स्तंभ. विवराच्या तळाखाली मोडतोडीत तेवढी खोली सहज मिळते.

इथे एक पेच आहे. लोणारच्या बेसाल्टमध्ये आधीच्या, दख्खनच्या काळातल्या गाराही आहेतच. मग हिरवी चिकणमाती कुठल्या पाण्याची हे कसे ठरवायचे? उत्तर जागेवरून मिळते. आघाताने फुटलेल्या तुकड्यांमधली भर आणि आघातात बनलेल्या काचेत झालेला बदल हे आघाताच्या आधीचे असूच शकत नाहीत. एकाच दगडात सहा कोटी वर्षांपूर्वीचे पाणी आणि कालपरवाचे पाणी दोघांच्या सह्या असतात, आणि त्या वेगळ्या वाचता येतात.

या कामाला परदेशात महत्त्व आले ते मंगळामुळे. मंगळाचा बराच पृष्ठभाग बेसाल्टचा आणि विवरांनी भरलेला. दोन किलोमीटरही व्यास नसलेल्या विवरात गरम पाण्याची व्यवस्था चालू होऊ शकते, हे लोणारने दाखवले. मग मंगळावरच्या तेवढ्या लहान विवरांतही कधीकाळी ऊब आणि पाणी एकत्र असू शकतील. गरम पाणी तिथे होतेच, असे मात्र यातून सिद्ध होत नाही.

लोणारच्या पाण्याबद्दल एक गैरसमज दूर केलेला बरा. सरोवराचे पाणी पीएच दहाच्या आसपासचे, खारे आणि खाऱ्या मातीइतके बुळबुळीत आहे, ते आत अजून काही तापत असल्यामुळे नव्हे. विवराला बाहेर वाट नाही. झऱ्यांचे आणि पावसाचे पाणी येते, उन्हाने उडते, कॅल्शियम कॅल्साइट होऊन तळाशी बसते आणि सोडियम व कार्बोनेट उरतात. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हाही अशाच अफवा उठल्या. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून मीठप्रिय सूक्ष्मजीवांचा तो रंग असल्याचे सांगितले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात लोणार रामसर स्थळ झाले.

देऊळगाव राजा आणि लोणारचे कढत पाणी तसे सौम्य. खरी कडक माणसे दुसरीकडे राहतात. १९७९ साली अमेरिकेच्या अॅल्विन पाणबुडीला पूर्व पॅसिफिकच्या तळाशी काळ्या धुराचे फवारे दिसले. ते साडेतीनशे अंशांच्या वरचे पाणी होते, वरच्या अडीच किलोमीटर समुद्राच्या दाबाने न उकळणारे. थंड समुद्रात येताच त्यातली लोह, तांबे, जस्त यांची सल्फाइडे बाहेर पडतात, तोच तो धूर. डिसेंबर २०२४ मध्ये चेन्नईची राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था आणि गोव्यात वास्कोला असलेले राष्ट्रीय ध्रुवीय व समुद्र संशोधन केंद्र यांनी हिंदी महासागरात सुमारे साडेचार हजार मीटर खोलीवरच्या अशा चालू झऱ्याचे छायाचित्र मिळवले. आइसलँडमध्ये तर २०१७ च्या जानेवारीत ४,६५९ मीटर खोल गेलेल्या विहिरीच्या तळाशी ४२६ अंश आणि ३४० बार मोजले गेले. खाऱ्या पाण्याचा क्रांतिक बिंदू शुद्ध पाण्याहून वर असतो, समुद्राच्या पाण्याचा ४०७ अंशांच्या आसपास. ही विहीर त्याही पलीकडे पोचली होती.

धातू अशा पाण्यातून कसे प्रवास करतात हा प्रश्न खाणवाल्यांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा. सुटा धातूचा आयन तापलेल्या पाण्यात टिकत नाही, त्याला सोबती लागतो. तांबे, जस्त, शिसे क्लोराइडच्या सोबतीने जातात, म्हणून खारे पाणी त्यांना प्रिय. सोने बरेचदा गंधकाच्या सोबतीने. पाणी उकळले, गंधकाचा वायू निसटला किंवा लोखंडाने गंधक पळवले की सोने एकटे पडते आणि क्वार्ट्झच्या शिरेत बसते. तीन किलोमीटरहून खोल गेलेली आणि २००१ साली बंद झालेली कोलारची खाण अशाच शिरांच्या मागे गेलेली होती.

हे सगळे प्रयोगशाळेत करून पाहणे कठीण. भांडे फुटते, गंजते, आत डोकावता येत नाही. म्हणून बर्कलीचे हॅरल्ड हेल्गेसन आणि त्यांचे विद्यार्थी डेव्हिड कर्कहॅम व जॉर्ज फ्लॉवर्स यांनी १९७४ ते १९८१ या काळात मोजक्या प्रयोगांवरून विरघळलेल्या आयनांचे गुणधर्म वर्तवणारी समीकरणे बसवली. त्यांची मुख्य कल्पना अशी की आयनाची ऊर्जा प्रामुख्याने भोवतालच्या पाण्याच्या घनतेवर आणि डायइलेक्ट्रिक स्थिरांकावर ठरते. त्यावर उभारलेल्या संगणक प्रणालीने हजार अंश आणि पाच हजार बारपर्यंतचे अंदाज मिळू लागले. पुढे डिमित्री स्वेर्जेन्स्की यांनी ही चौकट ६० हजार बारपर्यंत नेली.

भांडे फुटण्याची भीती नसलेल्या, शंभर-दोनशे अंशांच्या पाण्याचा उपयोग मात्र कारखाने रोज करतात. कृत्रिम झिओलाइट बंद पात्रात अल्कधर्मी कढत पाण्यातूनच पिकवतात. जे मांजऱ्याच्या पोकळीत झाले तेच, फक्त तासांत किंवा दिवसांत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉल रत्नसामी आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात एन्सिलाइट हे झिओलाइटी उत्प्रेरक विकसित केले आणि ते पेट्रोरसायन उद्योगात वापरात आले. कपड्यांच्या पावडरीत पाण्याचा जडपणा काढायला झिओलाइट असते. २०२१ च्या करोना लाटेत गावोगावच्या दवाखान्यांत जे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर धडधडत होते त्यांत हवेतला नायट्रोजन अडवणारी खडीही झिओलाइटचीच होती.

बेसाल्ट आणि पाण्याच्या या जुन्या संसाराला आता नवे काम सांगितले जात आहे. आइसलँडमध्ये २०१२ साली कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बेसाल्टमध्ये सोडला, तेव्हा त्यातला ९५ टक्क्यांहून अधिक दोन वर्षांच्या आत कॅल्साइटसारख्या खनिजांत दगड होऊन बसला. दख्खनचे नाव या संदर्भात साहजिकच घेतले जाते. पण ज्या थरात कार्बन पुरायचा त्याच थरातून आपण पाणी उपसतो, आणि दुष्काळी तालुक्यात वायूसोबत मुरवायला एवढे पाणी आणायचे कुठून, याचे उत्तर आधी मिळायला हवे.

दरम्यान साधे काम करता येईल. लोणारच्या विवरातून खडा उचलू नका, ते अभयारण्य आहे. पण आपल्या शेतात विहीर खोदली जात असेल, तर भरावाला ट्रॉली जाण्याआधी ढिगातले पाच-सहा पोकळीचे दगड बाजूला काढा. प्रत्येकावर गावाचे नाव, गट नंबर, महिना आणि किती फुटांवर निघाला हे पक्क्या शाईने लिहा, आणि जवळच्या शाळेच्या किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत नेऊन द्या. खोली लिहिलेली नसेल तर तो शोभेचा खडा, लिहिलेली असेल तर नोंद.